नाव विचारायचं, पण न विचारता : बोलक्या इंग्रजीच्या सरावाची नोंद

सध्या एकच विषय धरला आहे: इंग्रजीत समोरच्याचं नाव विचारणं आणि आपलं सांगणं. पहिल्याच धड्यातली गोष्ट, तिचा काय सराव करायचा, असं वाटेल. पण खऱ्या गप्पांची ध्वनिमुद्रणं कान देऊन ऐकली, तर धड्यातलं ते वाक्य मोठ्या माणसांच्या बोलण्यात क्वचितच भेटतं. ‘व्हॉट इज युअर नेम?’ असं एकेक शब्द सुटा करून विचारलं की अर्ज भरून घेतल्यासारखं वाटतं. नाहीतर समोर लहान मूल असावं.

मग मंडळी करतात काय? आधी स्वतःचं नाव पुढे करतात. ‘आयॅम मीरा, बाय द वे,’ एवढं म्हणून थांबायचं. समोरचा आपणहून नाव सांगतो, प्रश्नाची गरजच उरत नाही. या टप्प्यात हाती लागलेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. त्यातलं ‘थांबायचं’ हे वाक्यापेक्षा अवघड आहे, कारण ती क्षणभराची शांतता भरून काढायला जीभ शिवशिवते.

‘बाय द वे’ उगाच चिकटवलेलं नाही. बोलणं आधीच सुरू झालंय, नाव आपलं ओघात आलं, असा आव त्याने आणता येतो. अमेरिकन माणूस नाव लवकर सांगून मोकळा होतो. ब्रिटनमध्ये अनोळखी लोकांच्या गप्पांत ते पुष्कळदा निघताना येतं. म्हणून जोडीच्या सरावाचा क्रम बदलला: आधी समोर जे चाललंय त्यावर चार वाक्यं, मग नाव. सुरुवातीचा अवघडलेपणा बराच कमी झाला.

आघाताकडेही लक्ष दिलं. ‘आय’ आणि ‘अ‍ॅम’ एकमेकांत मिसळून पटकन जातात आणि भार नावावर पडतो. गंमत पुढे आहे. ‘व्हॉट्स युअर नेम?’ असं पहिल्यांदा विचारणारा भार ‘नेम’वर देतो. उत्तर देऊन तोच प्रश्न परतवणारा तो ‘युअर’वर देतो. शब्द तेच, पण भार जागचा हलला नाही तर ऐकणाऱ्याला खटकतं. हे आरशासमोर होत नाही. आवाज मुद्रित करून ऐकावाच लागतो.

‘अँड यू आर?’ मी यादीतून काढून टाकलं. स्वागतकक्षातल्या माणसाने हसून, सूर वर नेत म्हटलं तर चालून जातं. सूर जरा घसरला की ‘तू कोण रे?’ असं ऐकू येतं. शिकणाऱ्याने हा धोका कशाला घ्यावा?

विसरलेल्या नावासाठी दोन वाक्यं पाठ केली. ऐकूच आलं नसेल तर ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच युअर नेम.’ ऐकून निसटलं असेल तर ‘सॉरी, व्हॉट वॉज युअर नेम अगेन?’ इथला भूतकाळ फक्त मऊपणासाठी असतो. नाव निसटतं त्याचं एक कारण मानसशास्त्रातले संशोधक माल्कम ब्रेनर यांनी 1973मध्ये दाखवलं: गोलात पाळीपाळीने बोलताना आपल्या लगेच आधीच्याचं बोलणं सगळ्यात कमी लक्षात राहतं. त्या वेळी आपण मनात स्वतःचं वाक्य जुळवत असतो. परक्या भाषेत ही जुळवाजुळव आणखी जड. त्यामुळे आपलं वाक्य इतकं घोटून ठेवायचं की कान मोकळे राहतील. शिवाय ऐकलेलं नाव लगेच एकदा वापरायचं: ‘नाइस टू मीट यू, सॅम.’ एकदाच! वाक्यागणिक सॅम-सॅम केलं की विक्रेता बोलतोय असं वाटतं. दुसऱ्या भेटीपासून मात्र ‘मीट’ जाऊन ‘सी’ येतं.

फोनचा सराव वेगळा करावा लागला. तिथे ‘आयॅम’ नाही, ‘धिस इज मीरा’. आणि स्पेलिंग! बी, डी, पी, टी, व्ही यांचा शेवट सारखाच. एफ आणि एस वेगळे ओळखू येतात ते वरच्या कंपनसंख्येच्या आवाजामुळे, आणि जुन्या पद्धतीची फोनलाइन साधारण 3400 हर्ट्झच्या वरचं सगळं कापते. अक्षरांचा असा घोटाळा होऊ नये म्हणूनच 1956पासून विमानवाहतुकीत अल्फा-ब्राव्हो ही अक्षरमाला चालू आहे, म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला शब्द. मी घोटाळा करणाऱ्या अक्षरांपुरतीच ती पाठ केली: ‘व्ही फॉर व्हिक्टर’, किंवा अमेरिकन पद्धतीने ‘व्ही अ‍ॅज इन व्हिक्टर’. आपलं नाव ऐकणाऱ्याला नवं असेल तर नाव आणि आडनाव यांच्यात किंचित थांबल्याने फरक पडतो.

बारीकसारीक: स्वतःच्या नावामागे ‘मिस्टर’ लावत नाहीत. कोणी ‘थॉमस’ सांगितलं तर तो स्वतः म्हणेपर्यंत ‘टॉम’ नाही.

आता तिसऱ्याची ओळख करून देणं घेतलंय. त्यात ‘हॅव यू टू मेट?’ हे फार सोयीचं वाक्य सापडलं. दोघांपैकी एकाचं नाव आठवत नसेल तर हे विचारून गप्प राहायचं. ते एकमेकांना नावं सांगतात आणि आपलं काम परस्पर होतं. जोडीच्या सरावात हे घोटता येत नाही, तिसरा गडी लागतो. कोणी येतंय का?