नदी डोक्यावर, शेत पायाशी: हॉलंडचे बांध आणि आपला खारेपाट

हॉलंडमध्ये राहतो म्हटलं की गावाकडे पहिला प्रश्न येतो तो सायकलच्या लाल रस्त्यांचा. तिथे म्हणे सायकलला स्वतंत्र रस्ता असतो? असतो, आणि फार चांगला असतो. पण मला आज लिहायचंय ते शहराबाहेरच्या बांधांविषयी. ज्यांच्यावरून माणसं दोन-दोन, चार-चार दिवस सायकलवर सामान लादून भटकतात, ते बांध. ते बघितल्यापासून अलिबाग तालुक्यातला, पोयनाड-शहापूरकडचा आपला खारेपाट, म्हणजे बांध घालून मिळवलेली खाडीकाठची सपाट जमीन, मला वेगळाच दिसायला लागला. सुट्टीला घरी आलोय, तेव्हा हे आता लिहूनच टाकतो.

मी उट्रेख्टजवळच्या हौटन गावात राहतो. तिथून दक्षिणेला थोडं गेलं की लेक नदी लागते. ऱ्हाईनचाच हा एक फाटा. रस्ता बांधावर चढतो आणि एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खोलात शेतं, गायी, कौलारू घरं. हिवाळ्यात नदी भरून बांधाला टेकते, तेव्हा मालाने लादलेला बार्ज शेजारच्या घराच्या खिडक्यांपेक्षा उंचावरून सरकत जाताना दिसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात गोळा आला होता. देशाचा साधारण चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे हे पुस्तकात वाचणं निराळं आणि नदी अशी डोक्यावरून जाताना बघणं निराळं.

या बांधांवरून वाट चुकत नाही, कारण प्रत्येक फाट्यावर एक आकडा असतो. एवढीच युक्ती. घरून निघताना नकाशा बघून पाच-सात आकडे कागदावर उतरवायचे. मग एका आकड्यापाशी पोचलं की पुढच्या आकड्याकडे बाण दाखवलेला असतो. गावांची नावं वाचता आली नाहीत, भाषा कळली नाही, मोबाइल बंद पडला, तरी अडत नाही. ही पद्धत मूळची शेजारच्या बेल्जियममधली. लिम्बुर्ग प्रांतात १९९५ साली ती सुरू झाली, एका खाण अभियंत्याच्या डोक्यातून. जमिनीखालच्या बोगद्यांच्या फाट्यांना आकडे देतात, तेच त्याने वर रस्त्यावर आणलं. हॉलंडने १९९९ पासून ती घेतली आणि आता जवळजवळ सगळा देश त्या आकड्यांनी जोडलेला आहे. याला पूल लागत नाहीत, भूसंपादन लागत नाही. खांब, पाट्या आणि त्या वेळच्या वेळी पुसणारा माणूस लागतो.

मधे कालवा आडवा आला तर छोटा तराफा असतो, फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी. काही ठिकाणी तर चालवायला माणूसही नसतो. तराफा पलीकडच्या काठाला असला तर साखळी ओढून तो अलीकडे आणायचा, सायकल चढवायची आणि पुन्हा हाताने साखळी ओढत पार व्हायचं. ओली साखळी तळहाताला गार लागते आणि शेवाळाचा वास दिवसभर हाताला राहतो.

या भागात किल्लेही पुष्कळ. आपल्याला किल्ला म्हटलं की डोंगर आठवतो. तिथे डोंगर नाही, म्हणून त्यांनी पाण्यालाच तट केलं. शत्रू आला की ठरलेल्या ठिकाणचे दरवाजे उघडायचे आणि शेतं बुडवायची. पाणी गुडघ्याएवढंच ठेवायचं. होडी चालत नाही इतकं उथळ, आणि खालचे चर-खड्डे दिसत नाहीत म्हणून सैन्यालाही चालवत नाही. १६७२ मध्ये चौदाव्या लुईच्या फ्रेंच फौजा असंच पाणी सोडून अडवल्या. पुढे १८१५ पासून मुइडनपासून दक्षिणेकडे सुमारे ८५ किलोमीटरची नवी जलरेषा बांधली, आणि जिथे उंच रस्ता किंवा नदी ती रेषा छेदते तिथे किल्ले घातले. लेकच्या एका काठाला होन्सवाइक, समोर एव्हरडिंगन. २०२१ मध्ये ही रेषा जागतिक वारशात गेली. त्या तटाखालून सायकल नेताना मला आंग्रे आठवतात. तेही पाण्याच्याच बळावर उभे राहिलेले.

पण हे सगळं टिकलंय कशामुळे? तिथे पाण्याचं वेगळं सरकार आहे. आपल्याकडे जिल्हा परिषद असते तशा २१ जलपरिषदा आहेत, काहींची मुळं थेट तेराव्या शतकात जातात. त्यांची स्वतंत्र निवडणूक होते, स्वतंत्र कर असतो. परदेशी माणूस तिथे कायदेशीर राहत असेल तर त्यालाही मत देता येतं. मी दिलं. देशाच्या संसदेला मला मत नाही, पण माझ्या गावच्या बांधाला आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं. ३१ जानेवारी-१ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राने नैऋत्येचे बांध फोडले आणि १,८३६ माणसं गेली. ते कोणी विसरलेलं नाही. बांध पोखरणाऱ्या उंदरासारख्या एका प्राण्याला पकडायला या परिषदांनी पगारी माणसं ठेवली आहेत. आणि पूर आला की बांधावर गस्त घालायला गावातले स्वयंसेवक तयार असतात. बांधावरचा रस्ता मुळात याच देखरेखीच्या कामाचा. सायकलवाले त्यावर नंतर आले.

आता आपल्याकडे बघा. धरमतरच्या खाडीकाठी पोयनाड, शहाबाज, शहापूर, धेरंड, माणकुळे. सपाट, समुद्रातून काढलेली जमीन. हीसुद्धा कुणीतरी बांध घालूनच मिळवली. शिलोत्रीची पद्धत जुन्या दप्तरांत नोंदलेली आहे: ज्याने बांध घालून खार काढली तो शिलोत्रदार, त्याला पिकातून वाटा मिळायचा आणि त्याबदल्यात बांध राखायची जबाबदारी त्याची. याच पट्ट्यात चरी गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कुळांनी खोतांची शेती कसायची नाही असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत संप चालवला. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सहा वर्षं जमीन पडीक ठेवून जगणं म्हणजे काय, ते त्या मोकळ्या सपाटीत उभं राहिल्यावर थोडंफार कळतं.

आतेभावाबरोबर सायकलने त्या बांधांवर गेलो. नानाही होते, त्यांच्या जुन्या काळ्या सायकलवर. भात झोडून झालेलं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, घराशेजारच्या तळ्यात जिताडा मासा. बांधातलं पाणी सोडायच्या दारापाशी, उघाडीपाशी, थांबलो. खाडीला भरती आली की पाण्याच्या दाबानेच तिचं दार मिटतं आणि ओहोटीला शेतातलं पाणी ढकलून ते उघडतं. हॉलंडच्या समुद्राकाठच्या जुन्या दरवाजांचंही तत्त्व हेच. नाना खाली बसले आणि बांधाच्या कुशीतल्या एका भोकावर बोट ठेवलं. ‘‘कुर्लीचं बीळ आहे,’’ म्हणाले. ‘‘आमचा बाप उधाणाच्या आदल्या रात्री कंदील घेऊन हेच शोधत फिरायचा. दिसलं की तिथल्या तिथे चिखल कोंबायचा. एवढ्याशा भोकातून खांड जाते, बांध फुटतो.’’

मी विचारलं, ‘‘नाना, आता कोण फिरतं?’’

नानांनी पुढे हात केला. पुढची खांड कित्येक उधाणं तशीच उघडी आहे. आत खारं पाणी शिरून शेतात तिवरं उगवलीत, आणि ती एकदा वाढली की त्या जमिनीत पुन्हा भात लावणं कठीण. गावकीने दरसाल बांध बांधायची रीत मोडली, आणि ज्यांच्यावर ते काम आलं त्यांनी वेळेवर केलं नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही. सायकलची वाट, पर्यटन, पाट्या हे सगळं नंतरचं. बांध राखला तर वाट आपोआप तयार होते.

आणि वाटेवर बघायला आपल्याकडे काय कमी आहे? अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की १७ किलोमीटरांत आक्षीचा शिलालेख लागतो, शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. मग नागाव, चौल. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. रेवदंड्यात पोर्तुगीज तटाच्या आतच गाव वसलंय, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. हॉलंडमधल्या नार्डन या तटबंदीच्या गावात शिरताना जे वाटतं तेच इथे वाटतं, फक्त इथे सातखणी मनोऱ्याच्या मागे समुद्र गाजत असतो. साळावच्या पुलावरून पलीकडे कोर्लई.

ही सायकलची भटकंती करायची असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा. मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीचेही तेच दिवस, वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला कुठल्याही गावात मिळेल. पोयनाडहून सकाळी लवकर निघा, म्हणजे मतलई वारा पाठीशी राहतो; कार्ले खिंडीचा एक चढ सोडला तर दमायला होत नाही. परतताना दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा तुम्हाला ढकलत आणतो. तिथी मात्र आधी बघून ठेवा. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी उत्तम, पण ती पहाटे आणि संध्याकाळी मिळते. भर दुपारी त्याच दिवसांत उधाणाची भरती असते, तेव्हा माणकुळ्याच्या बाजूचे सखल रस्ते टाळा. खाडीकाठच्या बांधांसाठी अष्टमीच्या आगेमागे या. तेव्हा भांग असते, पाणी खाली राहतं आणि बांध कोरडा मिळतो.