तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी तुम्ही चालवता, मग कॉम्प्युटर काय करतो?

घरी पाहुणे आले की चहा झाल्यावर त्यांना तळघर दाखवायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. न्यू जर्सीतल्या या घराच्या तळघरात भिंतीच्या कडेकडेने, छातीएवढ्या उंचीवर, छोट्या मॉडेल रेल्वेचे रूळ पसरलेत. प्रमाण १:८७, या छंदाच्या भाषेत एचओ. खरी चाळीस फुटी वाघीण माझ्याकडे साडेपाच इंचांची होते. (मालडब्याला ‘वाघीण’ म्हणणारी भाषा आपली आहे, याचा मला इथे बसून फार अभिमान वाटतो.) पाहुणे कौतुकाने बघतात, मग कोपऱ्यातला लॅपटॉप आणि क्लिपबोर्डवरचे कागद त्यांच्या नजरेस पडतात आणि ठरलेला प्रश्न येतो: “कॉम्प्युटर आहे म्हणजे गाड्या आपोआप चालत असतील ना? मग शनिवारी सहा-सात माणसं जमून करता काय?”

बायकोचं उत्तर एका शब्दाचं असतं: “शंटिंग.” म्हणजे डबे पुढेमागे करून हव्या त्या रुळावर लावणं. माझं जरा लांब आहे.

पुण्याचे पाहुणे हे जास्त विचारतात, कारण त्यांनी कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलेलं असतं. १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं ते छोटं शहर मीही पाहिलंय, मला फार आवडतं. पण तो प्रयोग आहे आणि आपण प्रेक्षक. माझ्या तळघरात मुळात खुर्च्याच नाहीत. इथे येणाऱ्याच्या हातात रिमोटसारखा एक थ्रॉटल आणि एक छापील कागद दिला जातो, आणि पुढचे अडीच तास तो उभ्याने नोकरी करतो. घड्याळ चौपट वेगाने पळतं, त्यामुळे अडीच तासांत दहा तासांची पाळी संपते. याला ऑपरेटिंग सेशन म्हणतात.

माझी लाइन आहे पेन्सिल्व्हेनिया रेलरोड या अमेरिकी रेल्वे कंपनीची टायरोन ते लॉक हेवन ही बाल्ड ईगल शाखा, साल १९५६. अर्थात तळघरात मावेल तेवढीच. बेलफाँटला चुन्याच्या खाणी, टायरोनला कागदाची गिरणी. खाणीला रिकाम्या वाघिणी हव्यात, गिरणीला लाकूड आणि कोळसा हवा, तयार कागद बाहेर जायला हवा. एवढ्यावर गाडी धावायला कारण मिळतं. कारण नसलेली गाडी गोल गोल फिरते, आणि गोल फिरणारी गाडी मला पंधरा मिनिटांत कंटाळा आणते.

ही कारणं पूर्वी कार्डांवर असायची. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड, त्यात खोचलेली बिल्टी (माल कुठे न्यायचा ते सांगणारी चिठ्ठी), आणि सेशन संपलं की यजमानाने एकट्याने बसून शे-दीडशे बिल्ट्या उलटवायच्या. माझा एक मित्र अजून तेच करतो आणि मला नावं ठेवतो. मी जेएमआरआय हे मॉडेल रेल्वेसाठीचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला) आणि त्यातला ऑपरेशन्सप्रो हा भाग नेमका यासाठीच आहे. हा प्रकल्प सुरू करणाऱ्या बॉब जेकबसन या भौतिकशास्त्रज्ञाचा खटला अमेरिकेच्या अपील न्यायालयापर्यंत गेला होता. मुक्त स्रोत परवान्याच्या अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असं २००८ मध्ये त्या न्यायालयाने म्हटलं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच लिहितो, त्यामुळे खेळण्यातल्या आगगाड्यांवरून आमच्या धंद्याचा कायदा ठरला ही गोष्ट मी ऑफिसात निमित्त काढून सांगतो.

तर कॉम्प्युटर गाडी चालवत नाही. तो यादी काढतो. कोणती वाघीण कुठे उभी आहे, ती भरलेली की रिकामी, ती कुठल्या साइडिंगवर, म्हणजे बाजूला काढलेल्या फाट्यावर, चालेल, कुठली गाडी तिला नेईल, हे सगळं त्याला माहीत असतं. मी ‘बिल्ड’ दाबलं की गाडीचा कागद तयार: बेलफाँटला या तीन उचला, त्या दोन ठेवा. गिरणीत भरलेली वाघीण ठेवली की पुढच्या वेळी तो ती रिकामी झाली असं समजतो आणि परतीच्या वाटेला लावतो.

त्याला माहीत असतं म्हणालो खरं, पण त्याला ते कुणीतरी सांगावं लागतं. तो कुणीतरी मी, आणि माझे गुरुवार-शुक्रवार त्यात जातात.

पहिल्या वर्षीची गोष्ट. गिरणीच्या साइडिंगची लांबी भरायची होती. मी टेप लावला, शेवटच्या ठोकळ्यापासून सांध्यापर्यंत, म्हणजे मेन लाइनमधून फाटा फुटतो तिथपर्यंत, २८ इंच. खऱ्या मापात २०३ फूट. सॉफ्टवेअर चाळीस फुटी वाघिणीला जोडणीसकट ४४ फूट धरतं, चार वाघिणींचे झाले १७६. उत्तम. कागदावर चार आल्या, माझ्या मित्राने इमानदारीत चारही आत ढकलल्या, सांधा परत मेन लाइनला लावला आणि चहा प्यायला गेला. दहा मिनिटांनी टेकडीमागून पॅसेंजर आली आणि चौथ्या वाघिणीच्या कोपऱ्याला घासून तिचे दोन डबे जमिनीवर. चार फुटांवरून, काँक्रीटवर. तो आवाज मी सांगू शकत नाही.

चूक त्याची नव्हती, सॉफ्टवेअरचीही नव्हती. दोन रूळ जिथे एकमेकांच्या फार जवळ येतात तिथे फाउलिंग मार्क असतो, आपल्याकडेही रुळांच्या मध्ये तो दिसतो. वाघीण त्याच्या आत उभी राहायला हवी. माझा मार्क सांध्याच्या आठ इंच अलीकडे होता. म्हणजे खरी लांबी २० इंच, १४५ फूट, आणि वाघिणी तीन. मी त्या रात्री सगळ्या साइडिंग पुन्हा मोजल्या. आता प्रत्येक मार्काजवळ स्लीपरवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका आहे.

दुसरी गंमत दिशेची. काही साइडिंगचा सांधा येणाऱ्या गाडीकडे तोंड करून असतो. इंजिन पुढे, वाघीण मागे, आता ती आत घालणार कशी? इंजिनाला वळसा घालून मागे यावं लागतं, आणि त्यासाठी लूप हवी, म्हणजे दोन्ही टोकांना मेन लाइनला जोडलेला बाजूचा रूळ. लूप नसेल तर सरळ पुढे जायचं, वाघीण लॉक हेवनला न्यायची आणि उलट दिशेच्या गाडीने परत आणून सोडायची. खरी रेल्वेही हेच करते. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एकच खूण पुसायची असते: या साइडिंगला पूर्वेची गाडी चालणार नाही. ती खूण पुसायला विसरलात तर एक शहाणा माणूस वीस मिनिटं बेलफाँटला उभा राहून तुमच्याकडे बघत राहतो.

आणि गर्दी. माझ्याकडे सुमारे १३० वाघिणी आहेत. हौसेने घेतल्या म्हणून सुरुवातीला सगळ्या रुळांवर मांडल्या. ‘बिल्ड’ दाबलं तर गाड्या जवळपास रिकाम्याच निघाल्या. बिल्ड रिपोर्ट म्हणून एक लांबलचक अहवाल येतो. त्यात प्रत्येक वाघिणीपुढे ती का घेतली नाही ते लिहिलेलं असतं, आणि माझ्या अहवालात ओळीमागून ओळ तेच: जागा नाही, जागा नाही. सरकत्या चौकटींचं कोडं लहानपणी खेळलो होतो, त्यात एक घर रिकामं असतं म्हणून तर खेळ चालतो. आता रुळांवर ऐंशीच्या आसपास असतात, बाकीच्या कपाटात. मुलगी म्हणते, त्या रजेवर आहेत.

कार्डवाला मित्र मात्र एका बाबतीत बरोबर आहे, आणि हे मी त्याच्या तोंडावर कबूल करत नाही. कार्ड वाघिणीबरोबर फिरतं, त्यामुळे सहसा खोटं बोलत नाही. माझा कॉम्प्युटर मी सांगेन त्यावर विश्वास ठेवतो. मी ‘गाडी संपली’ असं दाबलं की यादीतल्या सगळ्या वाघिणी पोचल्या, असं तो धरून चालतो. एखाद्याने घाईत एक यार्डातच सोडली असेल तर ती कॉम्प्युटरच्या लेखी गिरणीत असते. म्हणून सगळे गेले, वड्यांची ताटं वर गेली, की मी आणि मुलगी टॉर्च घेऊन मोजणीला उतरतो. ती तांदळाएवढे नंबर वाचते, मी यादीवर टिक करतो.

मागच्या खेपेला एक चुना वाहणारी वाघीण सापडेना. यादीत बेलफाँट, बेलफाँटला नाही. यार्ड पाहिलं, बोगद्यात हात घातला, टेबलाखाली रांगलो. साडेबारा वाजता बायकोने जिन्यावरून विचारलं, “एप्रन धुवायला टाकू का?” आणि खिशातून ती काढली. कपलर (डबे जोडणारा आकडा) तुटला म्हणून संध्याकाळी मीच उचलून ठेवली होती. लॅपटॉप परत उघडला, तिच्यापुढे ‘सेवेबाहेर’ अशी खूण केली आणि दिवे मालवले.