परत आलेला पेपर, दुसऱ्या जर्नलकडे

शुक्रवार, रात्री उशिरा

पेपर दुसऱ्या जर्नलला पाठवायचं आज नक्की झालं. सकाळी मॅडमशी सविस्तर बोलणं झालं, संध्याकाळपर्यंत सहलेखकांचेही होकार आले. नकाराची मेल आली तेव्हा सगळ्यांचा सूर एकच होता: संदर्भांची शैली बदला आणि आहे तसा पुढे पाठवा. मला ते पटलं नाही. आमच्या विषयात काम करणारे मोजकेच लोक, त्यामुळे नवा संपादकही पहिल्या जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या त्याच समीक्षकाकडे तो पाठवेल अशी दाट शक्यता आहे. आपलं एकही म्हणणं मनावर घेतलेलं नाही, हे त्याला लगेच कळेल. पण खरं कारण वेगळं आहे. त्या माणसाने आमचं लिखाण ओळ न् ओळ वाचलंय. असा वाचक सहजासहजी मिळत नाही, त्याचं म्हणणं वाया घालवायचं नाही.

आजचा सगळा वेळ याच समीक्षकाच्या एका आक्षेपावर गेला. बायोफिल्म (जीवाणू स्वतःभोवती बनवतात तो चिकट थर) तयार करणारे जीवाणू औषधाला दाद देत नाहीत, ती न बनवणारा म्युटंट (जनुकात बदल असलेला त्यांचाच प्रकार) मात्र मरतो, असं आम्ही दाखवलं होतं. त्याचा प्रश्न असा की हा फरक बायोफिल्मचा कशावरून, वाढीच्या वेगाचा का नसेल? दोघांच्या वाढीचे आलेख आमच्याकडे होतेच, पुरवणी फाईलमध्ये. मोकळ्या द्रवात दोन्ही सारख्याच वेगाने वाढतात. ते आलेख आता मुख्य मजकुरात, पहिल्याच आकृतीत घेतले. बायोफिल्मच्या आत वाढ मंदावत असेल, ती शक्यता मात्र यातून निकालात निघत नाही. तेही स्वच्छ लिहिलं आणि निष्कर्षात ‘बायोफिल्ममुळे’ होतं तिथे ‘बायोफिल्म बनवण्याच्या क्षमतेशी निगडित’ केलं. दावा थोडा आवरला, पण आता तो कुणी खोडून दाखवावा!

प्राण्यांवरचे प्रयोग करा, ही सूचना घेतली नाही. आमचा प्रश्नच तो नाही. मर्यादांमध्ये दोन वाक्यं घातली.

काम करताना भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज सारखे आठवत होते. १९६४ साली त्यांचा दुसरा पेपर ‘फिजिक्स लेटर्स’ने नाकारला. त्यांनी त्यात भर घातली आणि तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’कडे पाठवला. ज्या कणाला पुढे त्यांचं नाव मिळालं त्याचा उल्लेख त्या वाढवलेल्या मजकुरात आहे. पहिल्या फटक्यात पेपर स्वीकारला गेला असता तर तो भाग त्यात नसता. २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्ये जीवशास्त्राच्या ९२३ जर्नलांचा एक अभ्यास आला होता. आधी दुसरीकडे नाकारलेले पेपर त्याच जर्नलातल्या, त्याच वर्षीच्या इतर पेपरांपेक्षा जास्त उद्धृत होतात, असं त्यात दिसलं. मला याचं नवल वाटत नाही. मधल्या काळात त्यांच्यावर हात फिरलेला असतो.

जर्नल निवडताना इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधले पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा) बाजूला ठेवला आणि आमचीच संदर्भसूची चाळली. ज्या जर्नलमधले पेपर आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो, तिथलेच वाचक आम्हाला हवेत. आधीच्या प्रकाशकाने मेलमध्येच आपल्या दुसऱ्या जर्नलकडे पेपर वळवायची सोय दिली होती, पण ते पूर्ण ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकांना मोफत आहे आणि लेखकांनी भरायचं प्रकाशनशुल्क आमच्या प्रकल्पाच्या पैशात बसत नाही. कुणीतरी दोन ठिकाणी एकदम पाठवू म्हणालं, त्याला मी तिथेच नाही म्हटलं. एका जर्नलचा निर्णय येईपर्यंत पेपर दुसरीकडे जात नाही, आणि समीक्षक हे काम विनामोबदला करतात याची तरी जाण हवी.

गोषवारा अजून नव्या शब्दमर्यादेत बसत नाही. कव्हर लेटरही नव्याने लिहायचं, जुन्यात पहिल्या जर्नलच्या वाचकांना उद्देशून बरंच आहे. आकृत्यांचे क्रमांक बदललेत, ते मजकुराशी ताडून पाहायचेत. मॅडमना रविवारी मसुदा द्यायचा, त्यांनी होकार दिला की सोमवारी सबमिट.