आमची वाटचाल : केकचा काटा आणि वजनाची वही

२०१३ साली कोथरूडला एका गाळ्यात दवाखाना टाकला, तेव्हा पाटीवर कुत्री आणि मांजरं एवढंच होतं. पक्षी यायचे ते रात्री, बुटाच्या खोक्यात, पिसं फुलवून, डोळे मिटलेले. "कालपर्यंत छान शीळ घालत होता हो!" कालपर्यंतही तो छान नव्हताच. थव्यात जो मरगळलेला दिसतो त्यालाच ससाणा आधी उचलतो, म्हणून पक्षी शेवटपर्यंत दुखणं लपवतो.

एक कॉकाटील (तुऱ्याचा छोटा पोपट) तर माझ्याच हातात गेला. फडफडत होता म्हणून छातीभोवती मूठ आवळली. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत जाते. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते! त्या काकू पाकीट उघडून उभ्या होत्या, मला मान वर करवेना. पुढचं वर्षभर दर रविवारी मुंबईला एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे गेलो आणि पक्षी धरण्यापासून सगळं पुन्हा शिकलो.

पक्षी काट्यावर तोलायची कल्पना मात्र बायकोची. ती घरी केक करायची, तिचा काटा ग्रॅमवर चालायचा. बजरीगर (आपल्याकडे सगळे त्यांना 'लव्हबर्ड'च म्हणतात, लव्हबर्ड वेगळे) भरतो तीस-चाळीस ग्रॅम. त्यातले चार ग्रॅम उतरले म्हणजे चहाचा चमचाभर साखर, पण माणसाच्या हिशेबात सहा-सात किलो. पिसांमुळे डोळ्यांना काहीच कळत नाही. मग प्रत्येक मालकाला एक वही द्यायला लागलो. आठवड्यातून एकदा, सकाळी दाण्याआधी वजन करायचं आणि लिहायचं. शेजारी विष्ठेची नोंद. तिच्यात हिरवट भाग, पांढरा भाग आणि पाणी असे तीन वेगळे दिसतात. कशाचाही रंग किंवा प्रमाण बदललं की फोन करा म्हणायचं.

धंदा म्हणून पहिली तीन वर्षं अवघड गेली. "पक्ष्याची जोडी पाचशेची, आणि ठणठणीत असताना तपासायचे चारशे?" प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून तपासणी स्वस्त ठेवली आणि बोलायला वेळ जास्त दिला. निम्मं दुखणं स्वयंपाकघरातलंच निघायचं. नुसत्या राळ्यावर आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं, यकृतावर चरबी चढते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला द्या. अंडी घालणाऱ्या मादीला कॅल्शियमसाठी समुद्रफेस (माकूळ या सागरी जीवाचं पांढरं हाड) द्या. एका घरी नॉनस्टिक तवा गॅसवर कोरडा तापत राहिला आणि त्याच्या लेपातून निघालेल्या वायूनं शेजारच्या खोलीतले तिन्ही पक्षी गेले. माणसांना साधा खोकलाही आला नाही.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला आणि आमचा फोन थांबेना. "सोडून देऊ का?" पिंजऱ्यात जन्मलेला बजरीगर बाहेर दोन दिवस टिकत नाही. पिंजरा बाल्कनीतून आत घ्या, कावळ्या-कबुतरांची विष्ठा लागू देऊ नका, नवा पक्षी आणलात तर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, हेच दिवसभर सांगत होतो. त्या महिन्यात एक पैसा मिळाला नाही, पण पुढे वर्षभर वह्या पुरल्या नाहीत.

राघू घेऊन येणाऱ्यांना अजूनही धक्का बसतो. आपला देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. उपचार नाकारत नाही, पण वनखात्याला कळवा, हे तोंडावर सांगतो. दोनचार जण रागावून गेले ते गेलेच.

आणि मालकांनाही एक सांगत असतो : ताप-खोकला लांबला तर तुमच्या डॉक्टरांना घरात पक्षी आहे हे सांगा. सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार पक्ष्याकडून माणसाला होतो, औषधानं बराही होतो, पण आधी कुणाच्या डोक्यात यायला हवा.

आता गुरुवारची सकाळ फक्त पक्ष्यांची. अल्सेशियनवाले कुरकुरतात, पण बाहेर कुत्रं भुंकलं की आत काट्यावर बसलेला पक्षी स्थिर राहत नाही आणि आकडा येत नाही. बायकोनं नवा काटा घेतला. जुना तिला परत द्यायचा राहिलाच आहे.