तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ उत्तर का सांगत नाही?

‘मॅडम, शेवटी उत्तर एकच आहे ना, मग पहिल्याच दिवशी सांगून का टाकत नाही?’ बी.एड.चे विद्यार्थी हे विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, स्टाफरूममध्ये सहकारी विचारतात. सरावपाठांसाठी वर्ग देणारे मुख्याध्यापक तर दरवर्षी विचारतात. ‘पडणाऱ्या वस्तू’ हा एका तासाचा विषय मी आठवडाभर लांबवते, अशी तक्रार आहे. लांबवते, खरं आहे. का, ते एकदा नीट सांगते.

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र नाहीतर प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. फिजिक्स बारावीलाच सुटलेलं, पण सूत्रं पाठ. मी चेंडू सरळ वर फेकते आणि विचारते, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? निम्म्याहून जास्त वर्ग म्हणतो, शून्य. वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य. खरं तर तिथेही ते सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटरच असतं, खालच्या दिशेने. नसतं तर चेंडू वरच राहिला असता. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. मुलं लिहूनही घेतात. पुढच्या आठवड्यात चेंडूऐवजी नाणं फेकलं की पुन्हा उत्तर येतं, शून्य. ही मुलं वर्षभराने कुणाच्या तरी वर्गशिक्षिका होणार आहेत. मला तेच सहन होत नाही.

म्हणून आम्ही दोरी टांगतो. पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यातून, खाली पत्र्याची परात. दोरीला सारख्या अंतरावर लोखंडी नट बांधायचे आणि ती सोडायची. ठोके जवळजवळ येत जातात. मग प्रश्न एकच: ठोके सारखे पडायला हवेत, तर नट कुठे बांधाल? भजनात टाळ धरणारी मुलं सगळ्यांत आधी पुढे होतात, लय कुठे ढळली ते त्यांच्या कानाला लगेच कळतं. सोडायचं, सोडवायचं, पुन्हा बांधायचं असं करत ती पोचतात: परातीला टेकलेला पहिला नट, मग त्याच्यापासून २०, ८०, १८०, ३२० सेंटिमीटरवर बाकीचे. मधली अंतरं २०, ६०, १००, १४०. एकास तीन, पाच, सात. गॅलिलिओने हेच प्रमाण उतारावरून गोळे सोडून काढलं आणि १६३८ साली छापलं. सेकंद दाखवणारं घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. भांड्यातून वाहिलेलं पाणी तोलून तो वेळ मोजायचा. मुलं हे प्रमाण स्वतः काढतात तेव्हा वर्गात जो गलका होतो, तो मी फळ्यावर सूत्र लिहून कधीच ऐकलेला नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा प्रश्न माझ्या मनाला लागतो, ती.

गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात माझी एक विद्यार्थिनी नववीचा पाठ घेत होती. चिऱ्याचा तुकडा आणि टेबल टेनिसचा चेंडू एकदम सोडले तर आधी कोण पडेल? तिने सगळ्यांकडून अंदाज लिहून घेतले. काहींनी ‘चिरा’ लिहिलं, काहींनी ‘दोन्ही बरोबर’; ते ट्यूशनला ऐकलेलं. दोन मुलं वर व्हरांड्यात गेली, बाकीची खाली अंगणात. सोडलं. ‘फातर पयलो!’ दगड पहिला, एकच ओरडा. पुन्हा सोडलं, हात बदलून सोडलं. दर वेळी चिरा आधी.

आणि मुलांना दिसलं ते खरंच होतं. तो चेंडू जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. साडेतीन मीटरवरून पडताना हवा त्याला एवढी अडवते, की चिरा जमिनीला लागतो तेव्हा तो हातभर वर असतो. तिला हे माहीत होतं. पुढे ती वहीवर कागद ठेवून दोन्ही एकदम सोडणार होती, म्हणजे हवा बाजूला काढली की काय होतं ते मुलांनाच दिसलं असतं. तेवढ्यात बेल झाली.

मुख्याध्यापिका जिन्याशी उभ्या होत्या. ‘मुलांना चुकीचं शिकवून चाललीस. पुस्तकात काय आहे?’ सगळ्या वर्गासमोर. मग वर्गात येऊन त्यांनी जड-हलक्या वस्तू बरोबरच पडतात हे पुस्तकातलं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि मुलांना उतरवून घ्यायला लावलं. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत पेन्सिलने ‘चिरा आधी, तीनदा’ असं होतं. तिने पट्टी लावून ते खोडलं आणि खाली लिहिलं, दोन्ही बरोबर.

परतताना कदंबच्या बसमध्ये माझी विद्यार्थिनी म्हणाली, ‘मॅडम, मला उत्तर येत होतं. दोन मिनिटांत सांगितलं असतं. तुम्ही थांब म्हणालात म्हणून थांबले.’ वाळपईपासून फोंड्यापर्यंत आम्ही बोललो नाही. उरलेले सगळे पाठ तिने पुस्तकाबरहुकूम घेतले. नेटके होते. मी चांगले गुण दिले.

तरी विचारते: तिने आधीच सांगितलं असतं तर काय झालं असतं? मुलांनी डोळ्यांनी चिरा आधी पडताना पाहिला असता आणि वहीत उलट लिहिलं असतं. पुस्तकातलं वाक्य हवा नसेल तिथे खरं. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने हातोडी आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबर पडली. पण ती चंद्रावर. ही अट गाळून दिलेलं उत्तर मी उत्तर मानत नाही.

पूर्वी मी याहून कडक होते. शिक्षकाने उत्तर तोंडातून काढूच नये, असं म्हणायची. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून सरकारी शाळांतली मुलं प्रयोग करत विज्ञान शिकत होती, २००२ साली ते काम सरकारने बंद केलं. तीस वर्षं रुजलेलंही उपटलं जातं, तर माझ्या जिवावर एका शिकाऊ मुलीने किती वेळ उभं राहायचं? तेव्हाच्या मला मी हे विचारते. ती तेव्हाची मी म्हणते, मग त्या नववीतल्या मुलीने वही का खोडायची? दोघींपैकी कुणी हटत नाही.

यंदाची मुलं विचारतात, बेलला पाच मिनिटं उरली आणि प्रयोग अर्धवट असेल तर काय करायचं? एकाला मी सांगते, मुलांनी पाहिलं ते फळ्यावर तसंच लिही, खाली ‘उद्या पुढे’ लिही आणि बाहेर पड. दुसरीला सांगते, हवेचं सांगून टाक. कुणाला काय सांगायचं, हे मी त्या शाळेचे मुख्याध्यापक पाहून ठरवते, आणि मला ते मुळीच पटत नाही.