आत्याच्या घरची फरशी

आज सोलापुरात, दक्षिण कसब्यात आत्याकडे होतो. पुढच्या खोलीतली जुनी नक्षीची फरशी काढून चकचकीत टाइल्स टाकायचं ठरलं होतं. मिस्त्रीनं छिन्नी लावून पहिली फरशी सोडवली, कड निरखली आणि म्हणाला, "मालक, हे भट्टीतलं नाही. सिमेंट हाय." वरचा लाल-हिरवा थर दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढा जाड! आजी जिथं पाटावर बसून शेंगा निवडायची, तिथं फरशी खोलगट झालीय, पण फूल अजून तसंच आहे.

ही फरशी भाजत नाहीत. साच्यात हातानं रंग ओतायचा, वर सिमेंट, मग यंत्रानं दाबायची आणि पाण्यात मुरू द्यायची. १९२२ साली सिधवा काका-पुतण्यांनी भारत टाइल्स ही अशा फरशीची कंपनी काढली ती स्वदेशीच्या ध्यासानं. परदेशी फरशीच्या तोडीचा माल इथंच, आपल्या कारागिरांच्या हातून व्हावा म्हणून. धंद्यातही देश बघणारी माणसं. सोलापूरचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले, तोही हाच काळ. मला भरून आलं.

आत्या दारातूनच म्हणाली, "राहू दे की रे."

मिस्त्रीनं सुटलेली फरशी परत बसवली.