रिकामा तवा

येळवसेच्या दिवशी आमच्या गल्लीत कोंबड्याआधी गाड्या आरवतात. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडचा माणूस शहरात सापडत नाही. पूजेला आणि जेवायला, ज्याचं शेत आहे तो स्वतःच्या शेतात, ज्याचं नाही तो शेतवाल्या मित्राच्या. दुपारी मेन रोडवर कुत्रीसुद्धा बिचकून चालतात, आपण चुकून संचारबंदीत बाहेर पडलो की काय म्हणून. पण ते दुपारचं. पहाटे साडेपाचला मात्र गल्लीतली प्रत्येक गाडी जागच्या जागी उभी राहून धूर सोडत असते आणि तिच्या शेजारी मफलर गुंडाळलेला एक पुरुष कमरेवर हात ठेवून उभा असतो. विचारा, उत्तर एकच.

"गरम होऊलालीय."

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, या पंथाचे. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं. त्याआधी गिअर टाकला तर इंजिनला न्यूमोनिया होतो, अशी त्यांची श्रद्धा.

मराठवाड्यात थंडी पडते हे पुण्याच्या लोकांना पटत नाही. त्यांची आमच्याशी ओळख झाली ती २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा. पण डिसेंबरात परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी येते, त्या आठवड्यात आमच्याकडेही चहाच्या टपरीवर कपाला दोन्ही हात लागतात. लातूर तेवढ्या टोकाला जात नाही. तरी इंजिनच्या हिशेबाने ही थंडी म्हणजे थंडीच नव्हे. ऑइलच्या डब्यावर २० डब्ल्यू ४० असं काही लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा सांगतो तेल गार असताना किती जाड, दुसरा सांगतो तापल्यावर किती. पहिला आकडा जितका लहान तितकं ते थंडीत लवकर पळतं. जिथे पारा शून्याखाली वीस-वीस अंश जातो तिथे जाड तेलाची काकवी होते. त्या लोकांनी काय तापवायचं ते तापवावं. आपल्याकडे तेल सकाळीही वाहतं. चावी फिरवली की लाल रंगाचा ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझतो. तेलाला दाब आला, एवढाच त्याचा अर्थ.

पण अण्णांची पंधरा मिनिटं तेलामुळे आलेलीच नाहीत. ती आंबिलीमुळे आलीत.

मी सातवीत असताना आमच्याकडे एक सेकंडहँड डिझेल जीप होती. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवेला इतकं दाबतो की हवाच तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपसूक पेटतं. रात्रभर गार पडलेलं लोखंड मात्र ही उष्णता पिऊन टाकतं, म्हणून जुन्या डिझेल गाड्यांना आत एक छोटी तापणारी कांडी असते. ड्रायव्हर लोक तिला सरळ हीटर म्हणतात. चावी अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जाईपर्यंत थांबायचं, मगच सेल्फ मारायचा. त्या येळवसेला हीटर गेलेला होता. सेल्फ मारून मारून बॅटरीही घरघरायला लागली. गाडीत आम्ही भावंडं, आत्या, भज्जीचं (येळवसेच्या भाजीचं) पातेलं, उंडे, धपाटे आणि आत्याच्या मांडीवर आंबिलीचं मडकं.

मग गल्ली धावून आली. धक्का स्टार्ट म्हणजे आमच्याकडे सामाजिक कार्य. हाक मारावी लागत नाही, लोक आपोआप उगवतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याला सूचना द्यायच्या असतात. सात-आठ जणांनी जीप कोपऱ्यापर्यंत पळवली, कुणीतरी ओरडलं "सोड!", अण्णांनी क्लच सोडला, जीपने एक जबरदस्त आचका दिला आणि इंजिन सुरू झालं. मडकं मात्र त्या आचक्याला तयार नव्हतं. ज्वारीचं पीठ, ताक आणि लसूण असं ते आंबवण सीटवर, अण्णांच्या पाठीवर, गिअरच्या खाचेत. संक्रांतीपर्यंत ती जीप आंबूस वास घेऊन गावभर फिरली. मुलं तिला बघून नाक दाबायची.

पुढच्या वर्षीपासून पंधरा मिनिटं.

यात गंमत अशी की त्या जीपला ती पंधरा मिनिटं काहीच कामाची नव्हती. तिची अडचण सुरू होण्याची होती, सुरू झाल्यावरची नाही. आणि डिझेल इंजिन नुसतं उभं ठेवलं तर तापता तापत नाही, कारण तेवढ्याला ते डिझेल जाळतंच किती! आमचे गॅरेजवाले मामू बोटं पुसत सांगायचे, "खडे खडे डिझेल कब गरम होती अण्णा? चलाओ तो होती." अण्णा मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायाने रेस देत उभे. गार इंजिनला रेस देणं हे तर फारच वाईट. झोपेतून उठलेल्या माणसाला पळायला लावल्यासारखं.

पेट्रोलवाल्यांकडे एके काळी तरी सबब होती. फियाट, अॅम्बेसिडर यांना पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर असायचा आणि गार इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून चोक ओढावा लागायचा. चोक लवकर आत ढकलला तर गाडी चौकात फुरफुरून बंद पडायची, आणि चौकात बंद पडलेल्या गाडीइतकं सार्वजनिक दुसरं काही नाही. आता चोकचं काम कॉम्प्युटर करतो. सेन्सर त्याला सांगतो इंजिन किती गार आहे, तो त्या मापाने पेट्रोल सोडतो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आल्यावर तर मोटरसायकलींचेही कार्ब्युरेटर जवळजवळ गेले. राहिलं ते उभं राहणं.

अण्णांची आणि माझी यावर पुष्कळ वर्षं खडाजंगी चालली आहे. माझी गाडी, माझं पेट्रोल, आणि पार्किंगमध्ये बोनेटपाशी ते. मी त्यांना सांगून पाहिलं की गार असताना इंजिनमध्ये पेट्रोल जास्त जातं, त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं, तेव्हा उभं ठेवण्याने इंजिनचं भलं नाही, उलटंच होतं. शिवाय गिअरबॉक्स, बेअरिंग, टायर हे उभ्या गाडीत कसे तापणार? अर्धा मिनिट थांबावं, निघावं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवावं. अण्णा स्वतः पंधरा मिनिटं तापवून औशाच्या रस्त्याला लागले की थेट ऐंशीवर. त्यांच्या मते तापवण्याचा उपयोग तोच.

"तुला चार पुस्तकं जास्त कळतात," ते म्हणाले. "पण भाकरी टाकायच्या आधी तवा तापवतात का नाही?"

हा मुद्दा मला निरुत्तर करणारा होता. पण भाकरीचा विषय निघाला आणि आत आई होती.

"आव, तवा तापवतात," ती ओट्यापासूनच म्हणाली. "पण पीठ मळून, पहिली भाकरी थापायला घेतल्यावर. रिकामा तवा ठेवून कोण बसतंय पंधरा मिनिटं? गॅस काय फुकट येतो?"

इतक्या वर्षांत माझ्या पिस्टन-सिलिंडरने जे झालं नाही ते तिच्या तव्याने झालं. अण्णा गप्प. मग ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तापवायचं काही नसतं गं त्यात. मला घाई करायला चालू करतेत."

मला एकदम सगळं दिसलं. पहाटे तीनपासून ती भज्जी हलवतेय. तुरीच्या शेंगा, वाटाणा, हरभरा, बेसन, चिंच. अण्णांची आंघोळ झालीय, मफलर झालाय, त्यांना दुसरं काम नाही. "आवर" म्हटलं तर उलटून काय येईल हे त्यांना ठाऊक. मग ते बाहेर जाऊन गाडी चालू करतात. आता घरात शब्द नाही, फक्त आवाज. डिझेल जळतंय, पैसे जळतायत, गल्ली ऐकतेय. आणि गल्लीतल्या बाकीच्या मफलरवाल्यांचंही तेच असणार. तापत होत्या त्या गाड्या नव्हत्या.

"मग तू काय करायचीस?"

"काय करणार! होऊ द्या म्हणायची गरम. तेवढ्यात माझ्या दोन भाकरी व्हायच्या."

गेल्या येळवसेला माझी नवी गाडी होती. बटण दाबलं, ऑइलचा दिवा गेला, मी म्हणाले, चला. अण्णांनी बोनेटवर तळहात ठेवला, मग कान जवळ नेला. "चालू आहे का?" इंजिनचा आवाज दारापर्यंतही पोचत नव्हता, स्वयंपाकघर तर लांबच. अण्णा दोन वेळा पायरीपर्यंत जाऊन परत आले. शेवटी खिडकीतून हात घालून हॉर्न दाबला.

"आलेऽ!" आतून आवाज. "गरम झाली का आधी?"

अण्णा पुढच्या सीटवर येऊन बसले आणि त्यांना डॅशबोर्डवर निळा दिवा दिसला, थर्मामीटरचं चित्र असलेला. म्हटलं, इंजिन गार आहे तोवर तो राहतो, तापलं की जातो. त्यांचा चेहरा उजळला. म्हणजे गाडी स्वतः कबूल करत होती. पण आई मडकं मांडीवर घेऊन मागे बसली होती, त्यामुळे मी निघालेच. तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. अण्णा रस्त्याकडे बघत नव्हते, गल्लीतल्या मफलरांच्या रामरामाकडेही नाही. निळ्या दिव्यावर नजर लावून, गुडघ्यावर बोटं वाजवत, श्वास धरून बसलेले. राजीव गांधी चौकाच्या अलीकडे दिवा विझला.

"गेला," अण्णा समाधानाने म्हणाले.

मागून मडकं डचमळलं. "कोण गेला?"